टर्बो गाडीचे तेल, घरचा पाना आणि काळ्या तेलाचा हिशोब

कापूरबावडीहून बाळकुम नाका ओलांडून काशेलीच्या पुलाकडे जाणारा जुना आग्रा रोड आपल्या बहुतेक वाचकांना तोंडपाठ आहे. भिवंडीच्या मागांवरचे कापड आणि गोदामांतला माल याच रस्त्याने ठाण्या-मुंबईकडे येतो. मेट्रो पाचचे खांब, खड्डे आणि टेम्पोंची रांग यांतून वाट काढताना अर्धा-एक तास कधी जातो ते कळत नाही. गाडी जागेवर उभी असते, पण इंजिन मात्र चालूच असते. मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत. तेल मात्र जळत आणि झिजत राहते.

याच रस्त्यालगत, बाळकुममधील एका सोसायटीच्या वाहनतळावर रविवारी सकाळी आम्ही दोन तास घालवले. एक तरुण दुकानदार आपल्या टर्बो गाडीचे इंजिन ऑइल स्वतःच्या हाताने बदलत होता. त्याचे भिवंडीत मागाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचे मामू बसले होते. राबोडीतील गॅरेजमध्ये त्यांची हयात गेली. नावे छापू नयेत, असे दोघांनीही सांगितले, म्हणून ती देत नाही.

शौकाच्या गाडीचे तेल आणि आपले व्यापाराचे पान, यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. टर्बो ही आता केवळ शर्यतीच्या गाड्यांची चैन राहिलेली नाही. माल वाहणारे जवळपास सगळे नवे डिझेल टेम्पो आणि पिकअप टर्बोवरच चालतात. लहान पेट्रोल गाड्यांतही टर्बो आला आहे. ज्याच्या दारात टेम्पो उभा आहे, त्याच्या दारात टर्बोही उभा आहे.

गाडी कोणती?

ही गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात जुळणी झालेली, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचीच. २०१५ साली ती बाजारात आली. १.४ लिटरचे टी-जेट पेट्रोल इंजिन आणि ताकद सुमारे १४५ अश्वशक्ती. साध्या हॅचबॅकच्या अंगात एवढे बळ, म्हणून तरुणांनी तिला उचलून धरले. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहाचे नियम लागू झाले, त्याआधीच ही गाडी बंद पडली. आता ती फक्त जुन्या बाजारात मिळते. अशा गाडीचा टर्बो बिघडला तर सुटा भाग शोधण्यातच महिना जातो. म्हणून तेलाची काळजी इथे दुप्पट.

पण या तरुणाने पाना हातात घेतला तो या गाडीमुळे नव्हे, दुकानाच्या पिकअपमुळे. दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर, ऐन मोसमात, पिकअपने निळा धूर सोडला आणि चढावर दम टाकला. टर्बो गेला होता. तेल बदलायची तारीख उलटून गेली होती, आणि शेवटचे तेल कुठल्याशा दुकानातून बिल न घेता आणलेले होते. गाडी अकरा दिवस उभी राहिली. माल भाड्याच्या टेम्पोने पाठवावा लागला. मोसमाची कमाई भाड्यात आणि दुरुस्तीत गेली. "त्या दिवशी ठरवले, आपल्या गाडीत काय जाते ते आपल्या डोळ्यांनी पाहायचे," तो म्हणाला.

भात्याचा भाऊ

टर्बो म्हणजे काय, हे कारागिराला समजावणे सोपे आहे. लोहार भात्याने वारा घालतो, तेव्हा कोळसा रसरसून पेटतो. टर्बो हा इंजिनाचा भाता. फरक एवढाच, की तो हाताने चालत नाही, तर इंजिनाच्या धुरानेच चालतो. बाहेर पडणारा गरम धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठे काम निघते. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विक्रीच्या मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत.

आता वेगाचा हिशोब पाहा. मागाची मोटर मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेते. मोटारीच्या टर्बोचा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाचा धूर नऊशे अंश सेल्सियसच्या घरात तापलेला असतो. एवढ्या वेगाला आणि उष्णतेला बहुतेक टर्बोंत आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी जागा असते, आणि त्या जागेत दाबाने तेल वाहत असते. दांडा धातूवर नव्हे, तेलावर तरंगतो. तेलच त्याची उष्णताही वाहून नेते.

तेल जुने झाले, त्यात काजळी साचली, किंवा हलके तेल भरले, की हा थर तुटतो. तापलेले तेल जळून त्याचा कडक कोळसा बनतो आणि तेलाची बारीक नळी चोंदते. साध्या इंजिनाला जे तेल चालून जाते, ते टर्बोला चालतेच असे नाही.

कोणते तेल?

मामूंचे उत्तर एका वाक्याचे होते: "कंपनीचे पुस्तक काढ, त्यात लिहिले असेल तेच." पुस्तकात दोन गोष्टी असतात. एक घट्टपणा, म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० असा आकडा. दुसरी दर्जाची खूण, म्हणजे एपीआय, एसीईए किंवा मोटार कंपनीचा स्वतःचा क्रमांक. नुसता घट्टपणा जुळला म्हणून भागत नाही. नव्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला असता इंधन वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो; त्याला आवर घालणारा एपीआयचा एसपी हा दर्जा २०२० साली आला. ज्या डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळीची गाळणी बसवलेली आहे, तिला कमी राखेचे तेल लागते. तिथे दुसरे तेल घातले, तर ती महागडी गाळणी चोंदते.

तेल घेताना बिल घ्यावे. डब्याचे सील, झाकणाची कडी, बॅच नंबर आणि तारीख पाहावी. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल, तर आनंद मानू नये, शंका घ्यावी. नकली तेलाचा धंदा बहुतांशी रिकाम्या असली डब्यांवर चालतो. डबे भंगारात जातात, तिथून उचलले जातात, पुन्हा भरले जातात. म्हणून रिकामा डबा विकण्यापूर्वी त्याला चिरून टाकावे. मामूंच्या गॅरेजात हा नियमच आहे. भंगारवाला आख्ख्या डब्याचे चार पैसे जास्त देतो. ते त्यांनी कधी घेतले नाहीत. "त्या चार पैशांत दुसऱ्याचे इंजिन जाते," ते म्हणाले.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी होती. भाच्याने इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले आणि दहा मिनिटे थांबला. कोमट तेल पातळ होऊन घाण घेऊन उतरते. कढत तेल हात भाजते. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मग जॅकने पुढची बाजू उचलून दोन्हीकडे लोखंडी घोड्या लावल्या आणि गाडी त्यांच्यावर टेकवली. इथे मामूंचा आवाज चढला. "नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालायचे नाही. जॅक उचलायला असतो, धरायला नाही." गाडी घोड्यांवर बसल्यावर त्यांनी ती हाताने हलवून पाहायला लावली, आणि मगच त्याला खाली जाऊ दिले.

वरचे तेलाचे झाकण सैल केले, म्हणजे खालून तेल झरझर येते. चेंबरखाली पसरट घमेले ठेवले आणि बोल्ट पान्याने सैल केला. शेवटचे आटे हातमोजे घालून बोटांनी सोडवले. सोडवताना बोल्ट वर दाबून धरावा आणि एकदम बाजूला घ्यावा, म्हणजे तेल मनगटावर येत नाही. काळ्या तेलाची धार थेंबांवर यायला वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात मामूंनी तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दाखवला. तेल काळे दिसले म्हणून खराब, असे नसते. काजळी अंगावर घेणे हे तेलाचे कामच आहे. मात्र तेलात चमकणारी धातूची भुकटी दिसली, किंवा तेल दुधाळ झाले, तर नवीन तेल ओतून विषय मिटवू नये. ती रोगाची खूण आहे. गाडी मिस्त्रीला दाखवावी.

पुढे फिल्टर. जुना काढताना त्याची रबरी कडी इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. जुनी कडी राहिली आणि नवी तिच्यावर बसली, तर गाडी सुरू होताच सगळे तेल रस्त्यावर येते. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने नवीन तेल लावले आणि फिल्टर हाताने घट्ट केला. काही गाड्यांत डबीत बसणारा कागदी फिल्टर असतो. तिथे झाकणाची कडी नवी घालावी आणि झाकण पुस्तकातल्या मापाने आवळावे.

चेंबरच्या बोल्टला दर वेळी नवा वायसर घालावा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर एकदा दबला, की पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट आवळण्यासाठी भाच्याने टॉर्क पाना आणला होता. पुष्कळ गाड्यांचा चेंबर आता अॅल्युमिनियमचा असतो. लांब पाना घेऊन अंगातले बळ लावले, तर आटे निघून येतात आणि थोड्याशा वायसरचे काम अख्ख्या चेंबरवर जाते. "बळ दाखवायचे असेल तर आखाड्यात जा," मामू म्हणाले, आणि भाचा हसला.

गाडी खाली उतरवून सपाट उभी केली, मग नरसाळ्याने नवे तेल ओतले. पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमीच ओतून पाच मिनिटे थांबायचे, सळई पुसून बुडवायची आणि मग थोडे थोडे घालून दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या खाली आणायचे. जास्त तेल म्हणजे जास्त आरोग्य नव्हे. खुणेवर तेल गेले, तर फिरणारा दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस टर्बोला आधार देत नाही.

शेवटी टर्बोची खास गोष्ट. तेल बदलल्यावर नळ्या आणि फिल्टर काही क्षण रिकामे असतात. म्हणून गाडी सुरू केली, की पायाने हात लावायचा नाही, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करावे. मग एक-दोन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी, खाली वाकून गळती पाहावी, बंद करून पुन्हा सळई पाहावी. भाच्याने हे सगळे केले आणि तारीख, किलोमीटर व तेलाचे नाव एका वहीत लिहिले. पिकअपच्या वेळी अशी वही नव्हती.

किलोमीटर की महिने?

पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, अशा तऱ्हेची मुदत लिहिलेली असते. पण त्याच पुस्तकात बहुधा बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: धूळ, सततची गर्दी, लहान फेऱ्या आणि जड भार असेल तर मुदत कमी करावी. बाळकुम ते भिवंडी रोज ये-जा करणाऱ्या गाडीला हे चारही लागू पडतात. पुलावर तासभर खोळंबलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिनाचे तास वाढतात. मामूंचा सल्ला असा, की अशा गाडीला पूर्ण मुदतीची वाट पाहू नये.

दुसरी सवय फुकटची आहे. घाटातून किंवा भरधाव रस्त्यावरून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एक मिनिट नुसती चालू ठेवावी. इंजिन थांबले की तेलाचा प्रवाहही थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल तिथेच करपते. त्याचप्रमाणे सकाळी थंड इंजिनाला पहिली काही मिनिटे जोर देऊ नये.

घमेल्यातल्या तेलाचे काय?

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला. नवे तेल गाडीत गेले. जुने घमेल्यात उरले. ते कुठे जाते? अनेक जण ते गटारात ओततात, अंगणातली धूळ बसवायला शिंपडतात, किंवा भट्टीत जाळायला देतात. बाळकुमचे गटार खाडीला मिळते. काशेलीच्या पुलाखालचे हे पाणी भरती-ओहोटीचे आहे, आणि ते पुढे ठाण्याच्या खाडीशीही जोडलेले आहे. त्या खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, आणि २०२२ साली ते रामसर पाणथळींच्या यादीत आले. पक्ष्यांचे राहू द्या. या पाण्यावर जाळे टाकणारे लोक आजही आहेत. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला, की हवा खाली जात नाही आणि माशांची पिले मरतात.

कायद्याने वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार गॅरेजवाल्याने ते साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नसते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घेणाऱ्यालाच द्यायचे असते. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. हे तेल शुद्ध करून पुन्हा तेल बनवता येते, म्हणजे ते कचरा असले तरी माल आहे. जो माल आहे, तो गटारात ओतणे हा व्यापाऱ्याचा हिशोब नव्हे.

दुसरी बाब हातांची. आपल्या गॅरेजांतील मुले काळ्या तेलाने कोपरापर्यंत माखलेली असतात आणि तेलकट चिंधी विजारीच्या खिशात ठेवतात. १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी सूतगिरण्यांतील कामगारांच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. म्यूल नावाच्या कताई यंत्राचे तेल त्यांच्या कपड्यांवर उडत असे आणि वर्षानुवर्षे मांड्यांच्या सांध्यात कातडीला लागत असे. पुढे त्या तेलावरचा संशय पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध खनिज तेलांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. आजचे नवे तेल पुष्कळ शुद्ध असते. पण इंजिनात जळून काळे झालेल्या तेलात तसले पदार्थ पुन्हा जमतात. म्हणून हातमोजे घालावेत, तेलकट कपडे रोज बदलावेत, चिंधी खिशात ठेवू नये, आणि हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. मागावर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

मिस्त्रीची रोजी

निघताना आम्ही मामूंना विचारले, गिऱ्हाईक घरीच तेल बदलू लागले तर गॅरेजवाल्याने खायचे काय? ते म्हणाले, "ज्याला हे काम येते, तोच चांगल्या मिस्त्रीची किंमत जाणतो. अडाणी गिऱ्हाईक स्वस्तात जाते. गाडी आमच्याकडे येते ती अमानत म्हणून येते. त्यात काय घातले ते गिऱ्हाइकाला दाखवा, जुना फिल्टर त्याच्या हातात द्या. तो कुठे जात नाही." त्यांच्या गॅरेजात तेलाचे सील गिऱ्हाइकासमोर फोडतात. ही चाल आपल्या इतर गॅरेजवाल्यांनी उचलावी असे आम्हांला वाटते. त्यात भांडवल लागत नाही.

ज्या वाचकांना स्वतः पाना धरायचा आहे, त्यांनी पहिल्या खेपेला जाणकार शेजारी बसवावा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी पुस्तकातील अटी वाचाव्यात. बिले आणि वही जपून ठेवावी. सोसायटीत काम करायचे तर परवानगी घ्यावी, खाली जुना पत्रा किंवा पुठ्ठा अंथरावा, आणि सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा.

दुपारच्या नमाजाची वेळ होत आली, तेव्हा भाच्याने घमेल्यातले काळे तेल नरसाळ्याने एका जुन्या डब्यात भरले, झाकण घट्ट लावले आणि डब्यावर खडूने फुली मारली. जुना फिल्टर पिशवीत उलटा ठेवला, म्हणजे उरलेले तेल निथळेल. डबा मामूंच्या स्कूटरवर पायांपाशी ठेवला गेला. तो राबोडीला जाणार होता, गॅरेजच्या मागच्या पिंपात. जाताना मामूंनी विचारले, "पिकअपचे कधी?" भाच्याने वही उघडून पाहिली आणि म्हणाला, "पुढच्या जुम्याला, मामू. आठशे किलोमीटर बाकी आहेत, पण थांबत नाही."